इकॉनॉमीत बसून एअरलाइन कशी जोखायची: वेळ, गुडघे, पोट, बॅग आणि फोन

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, "अमुक एअरलाइन कशी आहे गं?" आणि मग मतांचा पाऊस. काका म्हणतात एकदम झकास, मावशी म्हणते परत कधी पाय ठेवणार नाही, आणि खोदून विचारलं की कळतं काका गेले होते सकाळच्या सहाच्या फ्लाइटने बंगलोरला आणि मावशी गेली होती ऐन जानेवारीत दिल्लीला, म्हणजे दोघांचंही खरं पण उपयोग शून्य. हा प्रश्नच मुळात "एसटी कशी आहे" असा आहे. शिवनेरी का लाल डबा, कुठल्या डेपोची, किती वाजताची, दिवाळीच्या आदल्या दिवशीची का एरवीची, हे ठरल्याशिवाय काय सांगणार?

मी पुण्यात नोकरी करते, महिन्यातून एकदोनदा दिल्ली नाहीतर बंगलोर होतं, आणि दोन वर्षांतून एकदा आईला घेऊन ताईकडे न्यू जर्सीला. सगळं इकॉनॉमीत. गेली काही वर्षं मी एका छोट्या वहीत प्रत्येक फ्लाइटचं लिहून ठेवते, आणि त्यात कॉलम पाचच: वेळ, गुडघे, पोट, बॅग, फोन. एअर होस्टेस हसली का, युनिफॉर्म कसा होता, विमानात कुठलं संगीत लावलेलं, हे लिहिणं मी कधीच सोडलं कारण त्यावरून पुढचं तिकीट काढताना काहीही ठरत नाही.

तर पहिलं काम, एअरलाइन कम्पेअर करायची नाही, फ्लाइट कम्पेअर करायची. म्हणजे मार्ग, वेळ आणि विमान. तिकीट काढताना खाली बारीक अक्षरात विमानाचं मॉडेल लिहिलेलं असतं, ते आपण कधी वाचत नाही, तिथेच सगळं आहे. लांबच्या प्रवासात बोइंग ७८७ असेल तर साधारण ३-३-३ अशा सीट असतात आणि सीटची रुंदी १७ इंचांच्या आसपास. एअरबस ए३५० मधे पण बहुतेक ठिकाणी ३-३-३च, पण विमानाचं पोटच रुंद असल्याने १८च्या आसपास मिळते. बोइंग ७७७ मधे तर एकाच मॉडेलमधे कोणी नऊ सीट बसवतं कोणी दहा, आणि दहावाल्यात शेजाऱ्याचा कोपर चौदा तास आपल्या बरगडीत. ए३३० मधे २-४-२ असतं, दोघंच जात असाल तर हे सगळ्यात भारी, खिडकी आणि तिच्या शेजारची घ्या, तिसऱ्या माणसाला उठवायची भानगडच नाही. एक इंचाने काय होतंय असं वाटत असेल तर ब्लाउजचं माप एक इंच चुकल्यावर काय होतं ते आठवा.

हे झालं रुंदीचं. गुडघ्यांसाठी बघायचं सीट पिच, म्हणजे आपल्या सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. देशातल्या फ्लाइटमधे हे साधारण २८ ते ३० इंच, लांबच्या फ्लाइटला ३१-३२. गूगल फ्लाइट्सवर प्रत्येक फ्लाइट उघडून बघितली की लेगरूम इंचात दिसते, फुकट आहे, बघत जा. पण पिच म्हणजे पाय पसरायची जागा नव्हे हे पण लक्षात ठेवा, कारण त्या अंतरात सीटची जाडीपण आली, आताच्या पातळ सीटमधे २९ इंचात सुद्धा जुन्या गुबगुबीत सीटच्या ३० इंचांपेक्षा गुडघे मोकळे राहतात, फक्त दोन तासांनंतर बूड दुखायला लागतं ते वेगळं. मी पर्समधे शिवणकामाची टेप ठेवते आणि बसल्या बसल्या पाठीपासून पुढच्या सीटच्या खिशापर्यंत मोजते. शेजारचे बघतात, बघू देत. माझी उंची पाच फूट दोन त्यामुळे मला फार फरक पडत नाही पण दादा सहा फुटी आहे आणि त्याच्यासाठी हाच कॉलम सगळ्यात महत्त्वाचा, तेव्हा दुसऱ्याचा रिव्ह्यू वाचताना त्याची उंची किती हे माहीत नसेल तर लेगरूमबद्दलचं वाक्य सोडून द्या.

सीट निवडताना एअरोलोपासारख्या साइटवर त्या एअरलाइनच्या त्या विमानाचा नकाशा बघा. कुठल्या रांगेला खिडकीच नाही नुसती भिंत आहे, शेवटची रांग मागे झुकते का, टॉयलेट किती जवळ आहे, सगळं कळतं. एक्झिटच्या आधीची रांग बहुतेक वेळा मागे झुकत नाही, आणि सगळ्यात पुढची भिंतीसमोरची सीट लोक भांडून घेतात पण तिथे ट्रे सीटच्या हातातून निघतो म्हणून ते हात वर होत नाहीत आणि सीट जरा आवळते, टेकऑफच्या वेळी पर्सपण वर ठेवावी लागते. लहान मूल बरोबर असेल आणि सीटचे पैसे भरायचे नसतील तर हे माहीत असू द्या की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी बसवायला हवं असं डीजीसीएने (विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ मधे एअरलाइन्सना सांगितलंय.

आणि हो, कोडशेअर. तिकिटावर नाव एकाचं, विमान दुसऱ्याचं. "ऑपरेटेड बाय" च्या पुढे जे नाव असेल त्याच्याशी तुलना करायची, वरच्या मोठ्या लोगोशी नाही.

आता वेळ. डीजीसीए दर महिन्याला देशातल्या विमान वाहतुकीचा रिपोर्ट काढतं, त्यात प्रत्येक कंपनी किती टक्के वेळेवर सुटली, किती फ्लाइट रद्द केल्या, दर दहा हजार प्रवाशांमागे किती तक्रारी आल्या असं सगळं असतं, साइटवर कोणालाही वाचता येतं. चांगला रिपोर्ट आहे पण दोन गोष्टी. एक, वेळेवर म्हणजे काय तर पंधरा मिनिटांच्या आत, आणि ते मोजतात मोठ्या विमानतळांवर, त्यामुळे तुम्ही नागपूर किंवा गोव्याहून जाणार असाल तर ते आकडे तुमचे नव्हेत. दोन, कंपन्या वेळापत्रकातच हवा भरून ठेवतात. मुंबई-दिल्ली हवेत पावणेदोन तासांच्या आसपास लागतात पण तिकिटावर सव्वादोन तास लिहितात, मग उशिरा सुटून पण "आपण वेळेच्या आधी पोचलो आहोत" अशी घोषणा होते आणि लोक खूश!

म्हणून मी काय करते, फ्लाइटरडार२४ वर नेमका फ्लाइट नंबर टाकते, मागच्या आठवड्यात रोज किती वाजता सुटली किती वाजता उतरली ते दिसतं. सात दिवसांत चार दिवस तासभर उशीर असेल तर आठव्या दिवशी माझ्यासाठी चमत्कार होणार नाहीये. सकाळची पहिली फ्लाइट साधारणपणे वेळेवर असते कारण विमान बऱ्याचदा रात्रीपासून तिथेच उभं असतं, संध्याकाळच्या विमानाने दिवसभरात चार-पाच गावं केलेली असतात आणि प्रत्येक गावाचा उशीर पाठीवर घेऊन ते आपल्याकडे येतं. याला अपवाद दिल्लीचा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत दिल्लीची पहाटेची फ्लाइट म्हणजे धुक्याशी लग्न, तेव्हा दुपारची घ्या. आणि धुक्यामुळे झालेला उशीर वहीत एअरलाइनच्या नावावर मांडू नका, तो अन्याय आहे. मुंबईच्या जुलैमधल्या पावसाचंही तेच.

पोटाचं थोडक्यात. दोन तासांच्या फ्लाइटमधे जेवणावरून एअरलाइन निवडणं म्हणजे वडापावच्या चटणीवरून लोकल निवडणं. घरून दशमी-चटणी न्या. विकत घ्यायचंच असेल तर आधी बुक केलेलं सहसा स्वस्त पडतं आणि मागच्या रांगेपर्यंत येता येता "संपलं मॅडम" ऐकावं लागत नाही. लांबच्या प्रवासात मात्र जेवणाला मार्क आहेत. बुकिंग करतानाच स्पेशल मील टाका, एव्हीएमएल म्हणजे आपलं मसाल्याचं शाकाहारी, व्हीजेएमएल म्हणजे जैन, व्हीजीएमएल म्हणजे व्हीगन, आणि इथेच लोक फसतात, व्हीजीएमएलला व्हेज समजून टाकतात आणि मग दही पण नाही, लोणी पण नाही, उकडलेली भाजी चिवडत बसा. स्पेशल मील निदान चोवीस तास आधी नोंदवावं लागतं आणि ते ट्रॉली यायच्या आधी मिळतं, हा बोनस. चवीबद्दल एक सांगते, विमानात हवा कोरडी आणि आवाज प्रचंड, त्यामुळे जिभेला मीठ आणि गोड कमीच लागतं, म्हणून सगळ्याच एअरलाइनचं जेवण सपक वाटतं, तुलना करायची तर चव सोडा आणि हे बघा: मागितलेलं मील खरंच चढवलं होतं का, गरम होतं का, आणि दोन जेवणांच्या मधल्या अंधाऱ्या चार-पाच तासांत कोणी पाणी घेऊन फिरलं का.

हे शेवटचं मला सर्व्हिसची खरी परीक्षा वाटते. पहिल्या जेवणाच्या वेळी सगळेच गोड असतात. दिवे मालवल्यावर, अर्धं विमान घोरत असताना, कोणी ट्रेमधे पाण्याचे ग्लास घेऊन येतं का, सहा तासांनंतर टॉयलेटमधे टिश्यू आहे का, फरशी ओली आहे का, हे बघा आणि लिहा. देशातल्या फ्लाइटमधे मात्र क्रूला या फूटपट्टीने मोजू नका. नियमाने दर ५० सीटमागे एक केबिन क्रू लागतो, म्हणजे १८० सीटच्या विमानात चार जण, आणि त्यांनी दीड तासात विक्री करायची, कचरा गोळा करायचा, बेल वाजली की धावायचं. बेल दाबल्यावर सहा मिनिटांनी पाणी आलं म्हणून एक स्टार देणारे लोक बघितले की मला त्या पोरींचीच दया येते.

बॅगेचा कॉलम हा खरं तर पैशाचा कॉलम आहे. देशात साधारण केबिनला ७ किलो आणि चेक-इनला १५ किलो हे गणित आहे, पण फेअरच्या प्रकाराप्रमाणे आकडा बदलतो आणि काही ठिकाणी १५ किलो म्हणजे एकच नग, दोन बॅगा मिळून बारा किलो झाल्या तरी दुसरीचे पैसे. मे महिन्यात हापूसची पेटी घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी वाचा, काउंटरवर नको. तर तुलना अशी करायची: समजा एका ठिकाणी तिकीट ५२०० आणि दुसरीकडे ५९००. पहिल्याला सीटचे ३५०, जेवणाचे ४००, शिवाय कन्व्हीनियन्स फी, आणि विमान रात्री दीडला उतरणार म्हणून घरापर्यंत कॅबचे जादा दोनशे-तीनशे. सातशे रुपये वाचवायला गेलो आणि खिशातून जास्तच गेले, वर झोपेचं खोबरं. पुणेकरांना तर हा हिशोब आणखी एका पायरीने करावा लागतो, कारण मुंबईहून तिकीट स्वस्त दिसतं पण एक्सप्रेसवेची कॅब, टोल आणि घाटातल्या ट्रॅफिकच्या भीतीने आधी निघायचे चार तास कोणी धरत नाही.

परदेशी जाताना "लाइट" किंवा "बेसिक" असं काही लिहिलेलं स्वस्त फेअर दिसलं तर थांबा, त्यात बऱ्याचदा चेक-इन बॅगच नसते किंवा एकच असते. अमेरिकेला साधारण २३-२३ किलोच्या दोन बॅगा धरून आपण चाललेलो असतो, आणि मुलीकडे जाणाऱ्या आईची बॅग किती भरते हे मी सांगायला नको. आमच्याकडे लटकवायचा वजनकाटा आहे, सातशे ग्रॅम भाजणी कोणाच्या बॅगेत यावर दर वेळी युद्ध होतं.

आता फोन. हा कॉलम मी सगळ्यात शेवटी सुरू केला आणि आता तो सगळ्यात आधी बघते. फोन म्हणजे काही बिघडलं तर पलीकडे माणूस आहे का. दोन वर्षांपूर्वी एका मेट्रो शहरातून पुण्याला येणारी रात्रीची फ्लाइट, नाव घेत नाही, आधी चाळीस मिनिटं उशीर, मग अजून चाळीस, मग अजून चाळीस, असं करत करत साडेअकराला रद्द झाली आणि गेटवरचे दोघं कर्मचारी पाणी प्यायला जातो म्हणून गेले ते गेलेच. कस्टमर केअरला बत्तीस मिनिटं बासरी ऐकली. त्याच्या आधी त्याच कंपनीने मी सहा-सात वेळा गेले होते आणि वहीत सगळे चांगले शेरे होते! म्हणजे सुरळीत चाललेल्या सात फ्लाइटनी मला त्यांच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी तिकीट काढायच्या आधी कस्टमर केअरला रात्री दहाला फोन करते आणि एखादा साधा प्रश्न विचारते, व्हीलचेअर कशी नोंदवायची वगैरे. माणूस यायला किती वेळ लागला, उत्तर दिलं का नुसतं "वेबसाइट बघा", लगेच कळतं. आणि लोकांचे रिव्ह्यू वाचताना एक स्टार आणि पाच स्टार दोन्ही सोडते, दोन-तीन स्टारवाले वाचते, त्यातही इकॉनॉमीवाले आणि माझ्याच मार्गावरचे. बक्षिसं मिळालेल्या एअरलाइनच्या याद्या वाचायला मजा येते पण त्यात माझी मागून तिसरी रांग नसते. यूट्यूबवर झोपायचा पलंग आणि शॅम्पेन दाखवणाऱ्यांचा तर काय उपयोग, ते राजवाड्याचं वर्णन करतायत आणि आपण चाळीत खोली शोधतोय.

कंपनी किती वाईट वागली हे ठरवायचं तर तिने किती करायला हवं होतं हे माहीत पाहिजे. डीजीसीएच्या नियमात आहे की अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाची फ्लाइट दोन तासांहून जास्त उशिरा असेल तर खाणंपिणं द्यायचं, अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तास, त्याहून लांबच्याला चार. देशातल्या फ्लाइटला सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड, निवड तुमची. न कळवता रद्द केली तर पाच, साडेसात किंवा दहा हजारांपर्यंत भरपाई, प्रवास किती तासांचा त्यावर, पण मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज याहून जास्त नाही. कन्फर्म तिकीट असूनही ओव्हरबुकिंगमुळे चढू दिलं नाही आणि तासाभरात दुसरी सोय केली नाही तर मूळ भाडं आणि फ्युएल चार्जच्या दुप्पट, जास्तीत जास्त दहा हजार, आणि चोवीस तासांत पण सोय झाली नाही तर चौपट, वीस हजारांपर्यंत. हवामान, एटीसी (विमानांची वाहतूक सांभाळणारा कंट्रोल रूम) असल्या कारणांना भरपाई नाही. मग वहीत मी लिहिते ते हे, की यातलं कोणी स्वतःहून सांगितलं, कोणी मागितल्यावर दिलं, आणि कोणी नियम वाचून दाखवल्यावर. आणि तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलं किंवा जमलंच नाही तरी विमानतळाची फी आणि सरकारी टॅक्स परत मिळतात, नॉन-रिफंडेबल तिकीट असलं तरी, ते मागा. दाद मिळाली नाही तर सरकारचं एअरसेवा नावाचं पोर्टल आहे, तिथे तक्रार टाका.

युरोपला जाणाऱ्यांसाठी तर कायदा हाच तुलनेचा मुद्दा होतो. युरोपियन युनियनचा २६१ नंबरचा नियम आहे, युरोपातून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या फ्लाइटला लागू, पण युरोपात येणाऱ्या फ्लाइटला फक्त कंपनी युरोपियन असेल तरच. कंपनीच्या चुकीने तीन तासांहून जास्त उशिरा पोचलात तर ३५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई. म्हणजे मुंबई-फ्रँकफर्ट जाताना जर्मन कंपनीने गेलात तर हे कवच आहे, आखाती कंपनीने दुबईमार्गे गेलात तर जाताना नाही, येताना आहे. भाडं सारखं असेल तर मी हे धरते.

आणि आई-बाबांना एकट्याने पाठवत असाल तर बाकी सगळे कॉलम बाजूला ठेवा. आमच्या सोसायटीत निम्मे आजी-आजोबा व्हीलचेअर घेतात, सगळ्यांचे गुडघे वाईट नसतात, पण परक्या विमानतळावर कोणीतरी हाताला धरून दुसऱ्या गेटवर नेईल एवढ्यासाठी. मग तुलना एअरलाइनची कमी आणि मधल्या विमानतळाची जास्त. कनेक्शन किती तासांचं (दीड तासाचं असेल तर माझ्याकडे सरळ नापास, कितीही स्वस्त असो), टर्मिनल बदलायचं आहे का, ट्रान्झिट व्हिसा लागतो का, दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर आहेत का. वेगवेगळी तिकिटं काढून चार हजार वाचवले आणि पहिली फ्लाइट उशिरा आली तर दुसरी कंपनी म्हणणार, आमचा काय संबंध. व्हीलचेअर निदान ४८ तास आधी नोंदवून ई-तिकिटावर ती दिसते आहे ना बघा. माझ्या आईला मी विमान कंपनीबद्दल एकच प्रश्न विचारते, "मधे तुला किती वेळ एकटीला बसवून ठेवलं?" गेल्या खेपेला पाऊण तास, त्याच्या आधी दहा मिनिटं. पुढचं तिकीट त्या दहा मिनिटांवाल्यांचं काढलं, नऊ हजार जास्त देऊन.

वही भरायची वेळ म्हणजे बेल्टपाशी उभं असताना, घरी गेल्यावर विसरायला होतं. शेवटची नोंदपण तिथलीच: विमानाचं इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग दहा मिनिटांत आणि शेवटची तीस मिनिटांत यायला हवी असं आपल्याकडच्या एअरलाइन्सना २०२४ मधे बजावलेलं आहे, तेव्हा मोबाइलवर वेळ लावा. बॅग फुटलेली असेल तर हॉलच्या बाहेर पाऊलसुद्धा टाकू नका, तिथेच काउंटरवर पीआयआर नावाचा फॉर्म भरून त्याची कॉपी घ्या, फोटो काढा. आंतरराष्ट्रीय प्रवासात फुटक्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची एकवीस दिवसांत करावी लागते. आणि बोर्डिंग पास, बॅगेचा स्टिकर टाकून देऊ नका, मी ते वहीच्या त्याच पानाला स्टेपल करते.